ऑलिंपस चढताना क्रम चुकवू नका: प्रिओनियापासून माथ्यापर्यंतची वाट

"सह्याद्रीत पन्नास-साठ किल्ले झालेत, ऑलिंपस तर २९१८ मीटरच आहे, त्यात काय!" असं म्हणून ग्रीसला जाणारे मराठी ट्रेकर मला भेटत असतात. परतल्यावर बहुतेकांची गोष्ट एकसारखीच निघते. माथ्यावर पोचलो तेव्हा सगळं ढगात होतं, पाणी वाटेतच संपलं, शेवटच्या कातळापाशी पाय थरथरायला लागले. दम कमी पडला असं मात्र कुणी म्हणत नाही. घोटाळा क्रमात झालेला असतो: विमानाचं तिकीट आधी आणि मुक्कामाचं आरक्षण नंतर, निघायला उशीर, आणि जो निर्णय घरी बसून घ्यायचा तो कड्यावर उभं राहून. हा लेख तो क्रम लावण्यासाठी आहे. झ्यूस आणि ग्रीक पुराणांतले बाकीचे देव इथे येणार नाहीत.

## आधी डोंगर डोक्यात बसवा

ऑलिंपस उत्तर ग्रीसमध्ये, थेसली आणि मॅसेडोनिया या ग्रीक प्रांतांच्या सीमेवर आहे. थेसालोनिकी शहरापासून नैर्ऋत्येला साधारण ८० किलोमीटर. त्याचा माथा समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम १८ किलोमीटरवर आहे आणि तिथल्या हवामानाची किल्ली याच आकड्यात आहे. सकाळी ऊन चढलं की समुद्राकडची दमट हवा या भिंतीला आपटून वर जाते. दुपारपर्यंत ढग जमतात आणि उन्हाळ्यात त्यांतून विजाही पडतात.

ऑलिंपस हे एका शिखराचं नाव नाही. वरच्या भागात शिखरांचा एक झुबका आहे. सर्वांत उंच मीतिकास, २९१८ मीटर. स्कोलिओ त्याच्यापेक्षा जेमतेम सहा-सात मीटरांनी कमी. स्तेफानीही २९०० च्या वरच. स्काला साधारण २८७० मीटर. ग्रीक नावं समजून घेतली तर निम्मा नकाशा पाठ होतो, कारण ती जागेचं वर्णनच करतात. स्काला म्हणजे जिना. लुकी म्हणजे पन्हळ, आपण जिला नाळ म्हणतो तीच. झोनारिआ म्हणजे कमरपट्टे, कारण तिथल्या कड्यावर खडकाचे आडवे थर पट्ट्यांसारखे दिसतात. काझानिआ म्हणजे कढया, शिखरांच्या पश्चिमेला तुटलेली पाचेकशे मीटरची खोल दरी. आणि स्कालावरून मीतिकासला नेणारा कातळटप्पा काकी स्काला, म्हणजे वाईट जिना. आपल्या काकींचा इथे काही संबंध नाही.

आता खडक. सह्याद्री काळ्या बसाल्टचा आहे, ऑलिंपस चुनखडीचा. या एका फरकाने दोन गोष्टी बदलतात. चुनखडीच्या भेगांमधून पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खाली मुरून जातं, त्यामुळे वरच्या भागात झरा किंवा ओढा सापडत नाही. "वर टाकं असेलच" ही किल्ल्यांवरची सवय इथे नडते. दुसरं म्हणजे थंडीत भेगांमधलं पाणी गोठून फुगतं आणि खडकाच्या कपच्या सुटतात. म्हणून वरचे उतार घसाऱ्याने भरलेले आहेत, आणि हाताला घट्ट वाटलेला दगड हातातच येऊ शकतो.

## टप्पा १: महिना ठरवा, मग मुक्काम, मग विमान

लोक नेमकं उलटं करतात. आधी स्वस्त तिकीट शोधतात आणि मग कळतं की त्या शनिवारी निवारा भरलेला आहे.

वाटेवरचा मुख्य निवारा स्पिलिओस आगापितोस. नकाशावर तो "निवारा ए" म्हणूनही दिसतो. उंची सुमारे २१०० मीटर, शंभरावर माणसांची झोपायची सोय. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडा असतो. पण निवारा उघडा आहे म्हणजे माथ्याची वाट मोकळी आहे, असं नसतं. जूनमध्येही वरच्या नाळांमध्ये कडक बर्फ राहतो आणि त्यावर क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे काटे) व आइस-अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) लागतात. ज्यांनी ही अवजारं कधी हातात धरलेली नाहीत त्यांनी जुलै ते सप्टेंबर हेच महिने धरावेत. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो, तिथे कोरडा हंगाम. ऑगस्टमधले शनिवार-रविवार टाळा. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला: गर्दी ओसरलेली असते आणि दिवसही पुरेसा मोठा.

क्रम असा ठेवा:

१. निवाऱ्यात लागोपाठ दोन रात्री मिळतील असे आठवड्यातले मधले दिवस शोधून आरक्षण करा. दुसरी रात्र खराब हवामानासाठी राखीव.
२. त्या तारखांभोवती विमान आणि शेंगेन व्हिसा बसवा.
३. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. तो घेताना कंपनीला लेखी विचारा: डोंगरावरची चढाई आणि हेलिकॉप्टरने सुटका यात धरली आहे का? बऱ्याच पॉलिसींत "गिर्यारोहण" वगळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तपासा: तुमच्या बेतात एक मोकळा दिवस आहे का? नसेल तर बाकीचं सगळं बरोबर असूनही माथा हवामानाच्या मर्जीवर.

## टप्पा २: सॅक

निवाऱ्यात जेवण आणि ब्लँकेट मिळतात. तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग काही नेऊ नका. उद्यानात तंबू ठोकायला आणि चूल पेटवायला मनाईच आहे.

नक्की न्यायचं ते हे: पायाला सरावलेले, घट्ट तळव्याचे बूट (नवेकोरे नकोत), माणशी तीन लिटर पाण्याची सोय, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, एक गरम थर, पातळ हातमोजे, कपाळावर बांधायची बॅटरी, ब्लँकेटच्या आत घ्यायची चादर-पिशवी, रोख युरो. आणि हेल्मेट. हेल्मेट फक्त दोर लावणाऱ्यांनी घालायचं असतं हा आपल्याकडचा समज तिथे विसरा. वरून दगड येतात, आणि ते बहुतेक वेळा पुढच्या माणसाच्या पायाखालून सुटलेले असतात.

खाऊबद्दल: दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि खवा-पोळी घरीच राहू द्या. चिक्की, खजूर, भडंग चालतील.

## टप्पा ३: लितोखोरो ते प्रिओनिया

पायथ्याचं गाव लितोखोरो, उंची सुमारे ३०० मीटर. अथेन्स-थेसालोनिकी रेल्वेमार्गावर या नावाचं स्टेशन आहे, पण ते समुद्राकाठी, गावापासून बरंच लांब. सॅक घेऊन उन्हात चालत जाण्याचा विचार करू नका, टॅक्सी करा. किंवा कातेरिनी शहरात उतरून तिथून लितोखोरोची बस पकडा.

गावात पोचलात की पहिलं काम दुसऱ्या दिवशीची टॅक्सी ठरवणं. लितोखोरोपासून प्रिओनियापर्यंत १८ किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि त्यावर आपल्या एसटीसारखी भरवशाची सेवा नाही.

सावधान: याच रस्त्यावर प्रिओनियाच्या अलीकडे गोर्तसिआ नावाचा फाटा लागतो. तिथूनही एक उत्तम वाट वर जाते, पण ती पेत्रोस्त्रुगावरून म्यूझेसच्या पठारावर पोचते. बरीच लांब, आणि तिथले निवारे वेगळे. दोन्ही ठिकाणी गाड्या उभ्या दिसतात आणि पाट्याही दिसतात, त्यामुळे अर्धवट झोपेत उतरलेली मंडळी चुकीच्या सोंडेवर चढू लागतात. प्रिओनिया म्हणजे डांबरी रस्त्याचा शेवट. छोटं खानावळवजा उपाहारगृह आणि पिण्याच्या पाण्याचा झरा ही त्याची खूण.

तपासा: सगळ्या बाटल्या इथेच भरल्या का? वर निवाऱ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही.

## टप्पा ४: प्रिओनिया ते निवारा (झाडांवरून उंची ओळखा)

प्रिओनिया ११०० मीटरवर. तिथून निवाऱ्यापर्यंत एक हजार मीटरची चढण, अंतर सुमारे सहा किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास. वाट मळलेली आहे. युरोपच्या ई-४ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचाच हा भाग, म्हणून पिवळ्या-काळ्या पाट्या दिसत राहतात. चुकण्यासारखं फारसं नाही. लोक इथे एकच चूक करतात: मान खाली घालून धापा टाकत निघतात.

वर बघा. हा डोंगर तुम्हाला उंची सांगत असतो. लितोखोरोच्या आसपास, खालच्या पाचसहाशे मीटरपर्यंत भूमध्य सागरी हवेची सदाहरित झुडपं असतात: कडक पानांचे ओक, लाल फळांचं आर्ब्यूटस. त्याच्या वर काळा पाइन, बीच आणि फर. प्रिओनियाहून निघताना तुम्ही याच पट्ट्यात असता. गार, ओलसर सावली, पायाखाली बीचच्या पानांचा थर. मग हळूहळू बीच मागे पडतो आणि एका वेगळ्या पाइनचं राज्य सुरू होतं. ग्रीक त्याला रोबोलो म्हणतात, शास्त्रीय नाव पायनस हेल्ड्रायखिआय. राखाडी साल खवल्यांसारखी तडकलेली, जणू चिलखत. वाऱ्याने आणि बर्फाने खोड पिळवटलेलं. हा गडी २५०० मीटरच्याही वर तग धरतो. त्याच्या पलीकडे फक्त ठेंगणी झुडपं, गवत, कातळात रुतलेली फुलं.

याचा उपयोग असा: चारी बाजूंना रोबोलो दिसू लागले की समजा निम्म्याहून जास्त चढ संपला. आणि दुपारचे दोन वाजून गेले तरी तुम्ही बीचच्या सावलीतच असाल, तर वेग फार कमी आहे. उद्याच्या माथ्याचा बेत आजच सैल करा.

या डोंगरावर सुमारे १७०० जातींच्या वनस्पतींची नोंद आहे आणि त्यांतल्या वीसहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. १९३८ साली ग्रीसने आपलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथे केलं. १९८१ पासून ऑलिंपस युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. तेव्हा फूल तोडून पुस्तकात दाबायचं नाही, आणि वळणं तोडून शॉर्टकट मारायचा नाही. दुसरा मुद्दा नुसता नियमाचा नाही. एका माणसाने तोडलेल्या वळणातून पुढच्या पावसात पाणी वाहतं आणि वाटच खचते. राजगडाच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटांचं काय झालंय ते आपण पाहतोच आहोत.

सावधान: निवाऱ्याचं सामान खेचरांवरून वर जातं. घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. लादलेल्या खेचराचा धक्का मोठा असतो.

## टप्पा ५: निवाऱ्यातली संध्याकाळ

बूट दारातच काढा. दिवे रात्री दहाला बंद होतात, म्हणून सकाळची सॅक जेवणाआधी भरा. पहाटे अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या खुळखुळवणारा गट सगळ्या खोलीच्या शिव्या खातो, आणि त्या त्याला मिळायलाच हव्यात.

शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द. "खोरीस क्रेआस" म्हणजे मांसाविना. "नीस्तीसिमो" म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण ग्रीकांच्या उपवासाला कालवं, माकुळ आणि ऑक्टोपस चालतात, त्यामुळे समुद्रकाठच्या गावात निव्वळ या शब्दावर विसंबू नका! पांढऱ्या घेवड्याचं सूप, फासोलादा, हे मात्र डोळे मिटून मागवावं.

जेवण झालं की निवारा चालवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा: उद्या वारा कसा असेल? ढग किती वाजता येतील? काकी स्काला कोरडी आहे का? मोबाइलवरचा अंदाज बहुधा खालच्या गावाचा असतो. यांचा अंदाज डोंगराचा.

## टप्पा ६: निवारा ते स्काला

जुलैत सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, सप्टेंबरच्या मध्यावर सातच्या. उजाडता उजाडता पाय वाटेवर हवेत. न्याहारीसाठी रेंगाळू नका, आदल्या रात्रीच काहीतरी मागून ठेवा.

तासभर चढल्यावर, रोबोलोची शेवटची झाडं मागे पडली की, वाट फुटते. उजवीकडची झोनारिआ: कड्याखालून आडवी जात म्यूझेसच्या पठाराकडे, आणि वाटेत लुकीच्या तोंडाशी. सरळ वर जाते ती स्कालाची. पहिल्यांदा जाणाऱ्याने सरळच जावं. लुकी ही मीतिकासवर चढणारी उभी नाळ. अंतराने जवळची, म्हणून मोह होतो. पण नाळेत वरच्या माणसाने सोडलेला दगड खालच्या माणसाकडेच येतो, बाजूला सरायला जागा नसते. गर्दीच्या दिवशी तिथे शिरणं म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला.

स्कालाचा उतार उघडा आणि घसाऱ्याचा. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून. पहाटे आवाज कमी असेल तर शॅम्वा दिसण्याची शक्यता असते: आखूड आकड्यासारख्या शिंगांचा, शेळीच्या कुळातला प्राणी. आपण ज्या उतारावर चार पायांवर येतो तिथे तो टणाटण उड्या मारतो. निवाऱ्यापासून स्कालापर्यंत दोन ते अडीच तास.

## टप्पा ७: स्कालावरचा निर्णय

सगळा लेख या एका जागेसाठी लिहिला आहे. स्कालाच्या धारेवर आलात की समोर काझानिआची दरी एकदम उघडते. उजवीकडे मीतिकास. डावीकडे वीस मिनिटांवर स्कोलिओ, साधी पायवाट, हात लावायची गरज नाही.

इथे पोचल्यावर "बघू जमतंय का" म्हणणं ही सर्वांत घातक चूक. कारण काकी स्काला सुरुवातीला खाली उतरते. उतरताना जमलं असं वाटतं, आणि दृष्टिभय जाणवतं तेव्हा तुम्ही मधोमध असता, मागून दुसरी माणसं येत असतात. म्हणून निकष घरीच ठरवा आणि स्कालावर फक्त तपासा:

१. नऊ-साडेनऊच्या आत पोचलात का?
२. कातळ कोरडा आहे का?
३. सरळ उभं राहता येईल इतपतच वारा आहे का?
४. ढग अजून खाली आहेत का?
५. गटातल्या प्रत्येकाने दरीवरचा, दोराविना कातळटप्पा याआधी चढून उतरला आहे का?

एकाचंही उत्तर "नाही" आलं की डावीकडे वळा. मी स्वतः पहिल्या खेपेला तिसऱ्या प्रश्नावर अडकलो आणि स्कोलिओवर गेलो. वाईट वाटलं, पण पंधरा मिनिटंच. मीतिकास आणि स्तेफानीच्या पश्चिम भिंती समोरून पाहायच्या तर स्कोलिओसारखी जागा नाही. मीतिकासवर उभं राहून मीतिकास दिसत नाही.

गटातला एकच जण कच्चा असेल तर त्याला स्कालावर एकटं बसवून बाकीच्यांनी पुढे जायचं, असं करू नका. गट फोडायचाच असेल तर दोघं-दोघं, परत भेटायची वेळ ठरवून.

## टप्पा ८: काकी स्काला

पाच प्रश्नांची पाच होकारार्थी उत्तरं आली असतील तर पुढे. वेळ पाऊण ते एक तास. ट्रेकिंगच्या काठ्या घडी करून सॅकमध्ये. हेल्मेटचा पट्टा आवळा. कॅमेरा गळ्यात लटकता नको.

वाट आधी उतरते, मग धारेच्या कडेने आडवी जाते, मग चढते. खडकावर रंगाच्या खुणा आहेत. शेवटची खूण दिसल्यानंतर पुढची दिसत नसेल तर अंदाजाने पुढे सरकू नका, मागच्या खुणेपाशी या. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम खडकावर, एका वेळी एकच हलवायचा. हाताची पकड ओढण्याआधी तळहाताने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती सोडा. उतरताना तोंड खडकाकडे. दगड सुटला तर मोठ्याने "पेत्रा!" ओरडा, ग्रीक गिर्यारोहक हेच ओरडतात. तुम्हाला ते ऐकू आलं तर वर बघू नका, खडकाला चिकटा.

समोरून माणसं आली तर रुंद जागी थांबून त्यांना जाऊ द्या. इथे घाई करणाऱ्याला वाट द्यावी, त्याच्याशी हुज्जत घालू नये.

मीतिकासवर धातूचा ग्रीक झेंडा आणि नाव लिहायची वही आहे. फोटो काढा, पाणी प्या, निघा. गडगडाट ऐकू आला तर फोटोही नको. धारेवरून आणि त्या धातूपासून दूर, खाली. अपघात झालाच तर युरोपभर चालणारा क्रमांक ११२.

## टप्पा ९: उतरण

अकराच्या आसपास स्काला सोडलेली बरी. माथ्यापासून प्रिओनियापर्यंत १८०० मीटरची उतरण आहे. गुडघ्यांना हा हिशोब आधी सांगून ठेवा. काठ्या आता काढा. घसाऱ्यावर पळत उतरण्याचा मोह वरच्या टप्प्यात होतो आणि घोटे तिथेच मुरगळतात. निवाऱ्यात थांबून जेवा, पाय मोकळे करा, मग दोनेक तासांत प्रिओनिया. पाय बोलत असतील तर राखीव ठेवलेली दुसरी रात्र इथेच वापरा.

तिसऱ्या दिवशी ताकद असेल तर टॅक्सी न करता एनिपेआस नदीच्या घळीतून लितोखोरोला चालत जा. दहा-अकरा किलोमीटर, पाच तास धरा. "खालीच तर जायचंय" असं समजू नका. वाट नदी ओलांडत, लाकडी पुलांवरून, सारखी चढ-उतार करते. वाटेत संत दिओनिसिओसचा जुना मठ लागतो. घळीतल्या सावलीच्या, ओल्या चुनखडीच्या भेगांमध्ये नीट बघत चला. जाड, लवदार पानांची, जमिनीलगत पसरलेली एक छोटी वनस्पती दिसेल: यांकेआ हेल्ड्रायखिआय. फक्त ऑलिंपसच्या परिसरात वाढणारी, हिमयुगांच्या आधीच्या उबदार काळातून टिकून राहिलेली. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या कातळांवर फुलणारी निळी ऱ्हिंकोग्लॉसम पाहिली असेल तर ही तिच्याच कुळातली, जेस्नेरिएसीमधली. जांभळट फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतात, सप्टेंबरमध्ये नुसती पानं. फोटोसाठी कातळावर चढू नका, पानांना हात लावू नका. वाटेवरूनच, झूम करून.